बागेचे मागणीपत्र

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हां लोकांना मागणीपत्र नवे नाही. पगार, महागाईभत्ता, बोनस, रजा ही कलमे आम्ही झोपेतही म्हणून दाखवू. परंतु एक कबुली प्रथमच देतो. ही पत्रे पुष्कळदा आम्हीच कचेरीत बसून लिहिली आणि गेटसभेत त्यांवर हात वर करून घेतले. शिवाय, कामाचे आठ तास संपल्यावर माणसाला काय हवे, हे कलम त्यांत क्वचितच आले. म्हणून आज जर्मनीतील एका लहानशा बागेचा इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हांबुर्ग हे एल्बे नदीवरील मोठे बंदर. सेंट पाउली ही त्याला लागून असलेली खलाशांची, गोदी कामगारांची व गुत्त्यांची जुनी वस्ती. या बंदरात १८९६-९७ च्या हिवाळ्यात कामगारांनी सुमारे अकरा आठवडे संप केला आणि ते हरले. पुढे १९८१ पासून येथील हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरची, पाडण्यासाठी रिकामी ठेवलेली घरे तरुणांनी ताब्यात घेतली व पोलिसांशी झुंजून राखली. तात्पर्य, लढ्याची सवय या मातीला होती.

१९९० नंतरच्या काळात नदीकाठचा उरलासुरला मोकळा तुकडा विकून तेथे इमारती उठवाव्यात, असा नगरसरकारचा बेत होता. रहिवाशांनी बाग मागितली. येथवरची कथा आपल्या ओळखीची आहे; नवे ते यापुढे.

परवानगीची वाट न पाहता, बाग मिळालीच आहे असे धरून हे लोक कामाला लागले. क्रिस्टोफ शेफर, कॅथी स्कीन, चित्रपट करणाऱ्या मार्गिट चेंकी असे कलावंत त्यांच्यात होते. बागांच्या इतिहासावर व्याख्याने व प्रदर्शने झाली, आणि तीही वस्तीतच. या खटाटोपाला ‘पार्क फिक्शन’ म्हणजे कल्पनेतली बाग, असे नाव पडले.

१९९७ मध्ये वस्तीतले बंदर-रुग्णालय बंद करण्याचे ठरले, तेव्हा सारे सेंट पाउली खवळून उठले. रुग्णालय आणि बाग या दोन मागण्या एकाच रस्त्यावर आल्या, आणि त्या दडपणाखाली सरकार बागेच्या बाबतीत नमले. एकटी बागेची मागणी कदाचित फायलीतच सुकली असती.

मग त्या जागेवरच एक कंटेनर ठेवून नियोजनाची कचेरी उघडली. आत मातीसारखा मळता येणारा मसाला होता. ज्याला नकाशा काढता येत नाही त्याने हातांनी आकार द्यावा. पाहण्यासाठी बागांविषयीची पुस्तके होती. वेळीअवेळी सुचलेली इच्छा कळविण्यास टेलिफोन होता. जो कचेरीत येत नसे त्याच्या दारी सामानाची पेटी जाई.

लोकांनी काय मागितले? ताडाची झाडे! हांबुर्गच्या थंडीत ताड जगावयाचे नाहीत, हे कोणीही सांगेल. पण मागणी खोडली गेली नाही. ताड पोलादाचे झाले. उडत्या गालिच्यासारखी लाटदार हिरवळ झाली, कुत्र्यांसाठी वेगळी बाग झाली. गंमत अशी की, २००२ मध्ये कासेल येथील डोक्युमेंटा या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात हा प्रयोग मांडला गेला, तेव्हा बाग पुरी व्हावयाची होती. ती रीतसर खुली झाली २००५ साली. २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी बागेसाठी झगडणाऱ्यांच्या सन्मानार्थ येथील लोकांनी तिला ‘गेझी पार्क फिक्शन’ म्हटले.

या विजयाला दुसरी बाजू आहे. सेंट पाउलीतील भाडी पुढे वाढतच गेली, आणि जुन्या भाडेकरूंना तेथे टिकणे अवघड झाले. वस्ती देखणी झाली की घरमालकाचाही फायदा होतो. बाग मिळाली म्हणून घराचा लढा संपत नाही.

तरीही आमच्यासारख्यांनी एक धडा घ्यावा. माणसाला काय हवे, हे त्याला विचारावे; विचारताना त्याच्या हाती साधन द्यावे; आणि उत्तर वेडगळ वाटले तरी ते आपण होऊन खोडू नये. पोलादाचे ते ताड एल्बेच्या वाऱ्यात हलत नाहीत. पण मागणीपत्र कोणी लिहावयाचे, हे ते आम्हांला अजून सांगत आहेत.