रंगाआडचा निरोप

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. पेशी फुटल्या की आतली फिनॉलं आणि विकरं एकत्र येतात, हवा लागते आणि रंग बदलतो. स्वयंपाकघरात पाण्यावर भागतं. प्रयोगशाळेत मात्र याच काळेपणाने वनस्पतींवर काम करणाऱ्यांना बरीच वर्षं छळलं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे असं समजतं: डीएनए म्हणजे साठवलेला सगळा कोड, आरएनए म्हणजे त्यातलं आत्ता काय चालू आहे त्याची नोंद. ही नोंद फार नाजूक असते.

१९८७ साली चोम्चिन्स्की आणि साक्की यांनी आरएनए वेगळा काढायची पद्धत सुटसुटीत केली. ग्वानिडिनियम थायोसायनेट, फिनॉल आणि क्लोरोफॉर्म वापरून काम चार तासांत उरकू लागलं. विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत हा निबंध मोडतो. पण पाइनच्या सुया किंवा गडद रंगाची फळं घेतली, की ही पद्धत अनेकदा अडायची. फिनॉलांचे क्विनोन होऊन ते आरएनएला चिकटायचे, शर्करांचा चिकट गोळा व्हायचा आणि नळीत तपकिरी गाळ उरायचा. म्हणजे रंग कुठल्या जनुकामुळे येतो हे शोधायचं, तर त्या रंगीत भागातूनच नोंद मिळवणं सर्वांत कठीण!

१९९३ साली टेक्सासमधल्या चांग, प्युरिअर आणि केर्नी यांनी पाइनसाठी चार पानांची कृती छापली. सीटॅब नावाचा डिटर्जंट, फिनॉलांना धरून ठेवणारं पीव्हीपी, ऑक्सिडीकरण रोखणारं मर्कॅप्टोइथेनॉल, शर्करा विरघळलेल्या राहाव्यात म्हणून भरपूर मीठ. मग लिथियम क्लोराईड घालून रात्रभर थांबायचं. आरएनए तळाशी बसतो. यातले मुख्य घटक नवे नव्हते. पीव्हीपीचा उपयोग लूमिस आणि बटाइल यांनी १९६६ सालीच मांडला होता, तर सीटॅबने वनस्पतींचा डीएनए काढायची पद्धत १९८० ची. नवी होती ती त्यांची जुळणी. पुढे द्राक्षांसारख्या फळांसाठीही लोकांनी तीच थोडीफार बदलून वापरली.

मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण जी पद्धत सोप्या ऊतींवर चालते तिलाच सार्वत्रिक मानलं, तर जी झाडं तिला दाद देत नाहीत ती अभ्यासातूनच गळतात. आपल्या ॲपची चाचणी एकाच फोनवर करून ते सगळीकडे चालेल म्हणण्यासारखंच हे. शोधांच्या यादीत अशा कृतींना जागा मिळत नाही. पण हट्टी झाडांना प्रश्न विचारता आले, ते त्यांच्यामुळे.