षट्कोनातील शहर आणि टेकडीवरचे गाव

एका शहरात एकाच वेळी किती माणसांनी बिनतारी दूरध्वनीवर बोलावे? 17 जून 1946 रोजी अमेरिकेतील सेंट लुई शहरात मोटारीतल्या दूरध्वनीची सेवा सुरू झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर होते, तिघांनी. यंत्राचे वजन सुमारे 80 पौंड. आणि मोजक्या लहरी एकदा गुंतल्या की इतरांनी स्वस्थ बसावे. ही स्थिती पुढे तीस वर्षे टिकली. 1976 साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात 12 लहरमार्गांवर अवघे 545 ग्राहक होते. प्रतीक्षायादी त्याहून कितीतरी लांब.

वास्तविक तोडगा 1947 च्या डिसेंबरातच बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका टिपणात मांडला होता. एका उंच, बलाढ्य मनोऱ्याऐवजी प्रदेशाचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान भाग पाडावेत, प्रत्येकात कमी शक्तीचा प्रक्षेपक बसवावा, शेजाऱ्यांना निरनिराळ्या लहरी द्याव्यात आणि थोड्या अंतरावर त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. पण धावत्या मोटारीतले बोलणे एका भागातून दुसऱ्यात न तुटता सोपवायचे, तर क्षणार्धात निर्णय घेणारी संगणकयंत्रणा हवी; ती तेव्हा नव्हती. टोकियोत अशी सेवा सुरू व्हायला 1979 साल उजाडले. आपल्याकडे 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले.

ही युक्ती मुळात शहराची. दाटी वाढली की भाग आणखी लहान करा. 2022 च्या ऑक्टोबरात आपल्याकडे आलेली 5जी सेवाही हेच करते. तिच्या 3300 मेगाहर्ट्‌झच्या पुढील लहरी पुष्कळ भार वाहतात, पण दूर जात नाहीत, भिंतीपाशी थकतात. 700 मेगाहर्ट्‌झच्या लहरी रानावनातून लांब जातात. भार मात्र बेताचाच वाहतात. खेड्याला याच हव्यात. परंतु मनोऱ्याला वीज लागते, मुख्य जाळ्याशी जोडणी लागते आणि ग्राहक असतात मूठभर. अडते ते लहरींपाशी नव्हे, हिशेबापाशी.

हा हिशेब मोडण्याचा एक प्रयत्न आमच्याच बेळगाव जिल्ह्यात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने वातानुकूलनावाचून उन्हाधुळीत चालणारे, 128 जोडण्यांचे ग्रामीण टेलिफोन केंद्र बनविले. त्यातले पहिले 1986 साली राणी चन्नम्मांच्या कित्तूरला बसले. शहरासाठी केलेले यंत्र खेड्यावर न लादता खेड्यासाठीच यंत्र घडविण्याची ही दृष्टी मला त्या यंत्राहून मोलाची वाटते. पुढे 2002 पासून कंपन्यांच्या उत्पन्नातील वाट्यातून निधी उभारला गेला. जुलै 2022 मध्ये 24,680 वंचित गावांत 4जी पोहोचविण्याची योजना मंजूर झाली. 27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या 4जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याची मध्यवर्ती यंत्रणा त्याच सी-डॉटची आहे.

2020 साली शाळा बंद होत्या. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील माझे काही विद्यार्थी गावामागच्या टेकडीवर छत्री घेऊन बसत आणि तेथून पाढे ऐकवीत. त्यांतील एक मुलगी आता बेळगावात शिकते. सुटीत घरी गेली की खुशाली कळविण्यासाठी ती अजून त्याच टेकडीवर चढते.