फिक्स्चर: आधी मांडामांड, मग परीक्षा

परवा शुक्रवारी रात्री घरी निघणार, तेवढ्यात टेस्ट सूट लाल! मुख्य कोडला तर कोणी हातही लावला नव्हता. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, मध्येच एक नवीन टेस्ट घुसली होती आणि तिने कॉमन डेटातला एक ग्राहक डिलीट केला होता. पुढच्या टेस्ट त्या बिचाऱ्याला शोधत बसल्या. शिव्या देऊन झाल्यावर (स्वतःलाच, टेस्ट माझीच होती) म्हटलं, ही फिक्स्चरची भानगड आली कुठून ते तरी बघू.

शब्द मुळात आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा नाहीच. फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय? मिलिंग मशीनवर जॉब हलू नये म्हणून ज्यात घट्ट पकडतात, ते फिक्स्चर. शंभर जॉब केले तरी प्रत्येक जॉब त्याच जागी, त्याच कोनात. मग माप चुकलं तर निदान जॉब हलला होता का, ही शंका उरत नाही.

१९९४ साली केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्टिंगची एक छोटीशी पद्धत मांडली, त्यात हा शब्द होता. कल्पना साधी. टेस्टला लागणाऱ्या वस्तू आधी ठरलेल्या अवस्थेत तयार करायच्या, मग टेस्ट. १९९७ मध्ये बेक आणि एरिख गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच जेयुनिटची सुरुवात केली. त्यातही सेटअप आणि टिअरडाउन, म्हणजे प्रत्येक टेस्टआधी मांडायचं, नंतर आवरायचं. शिवाय प्रत्येक टेस्ट मेथडला क्लासचा नवा ऑब्जेक्ट. आधीच्या टेस्टचं उष्टं नको म्हणून!

२००४ साली रेल्स आलं आणि फिक्स्चर फाइलमध्ये जाऊन बसलं. नमुन्याचे रेकॉर्ड यॅमलमध्ये लिहायचे, टेस्टआधी ते डेटाबेसमध्ये भरले जातात. सोपं एकदम. पण एकाच फाइलवर शंभर टेस्ट अवलंबून राहिल्या की एक ओळ बदलायचीही भीती वाटते. २०१२ मध्ये पायटेस्टने वेगळी वाट काढली. जे फिक्स्चर हवं, त्याचं नाव टेस्टने आर्ग्युमेंटमध्ये सांगून मागायचं.

असो. लाल टेस्टने एक शुक्रवार खाल्ला, तो परवडला. पण उलटं झालं असतं तर? कोणीतरी मागे सोडलेल्या डेटावर एखादी टेस्ट खोटीच हिरवी राहिली असती, तर बग थेट ग्राहकाच्या दारात...

सोमवारी आधी ती कॉमन फाइल फोडणार आहे. प्रत्येक टेस्टने आपापला डबा आणावा, हेच बरं!