बेळगाव-निपाणी परिसरात घरांसाठी जागा उरली आहे का?

बेळगावात गुंठ्याचा भाव विचारला की समोरचा आधी विचारतो, "कुठल्या बाजूला?" मोकळी जमीन तर चारही बाजूंना दिसते. पण रीतसर घर बांधता येईल अशी जागा त्यात थोडीच.

२०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते; कॅम्प आणि हिंडलगा, कंग्राळीसारखी लगतची गावे धरली तर ६ लाख १० हजार. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास माणसं तेव्हाच हद्दीबाहेर राहत होती. नंतरची वाढ यात नाही.

पश्चिमेकडचा कॅम्प संरक्षण खात्याचा. तिथली नागरी वस्ती महापालिकेत आली तरी नवीन मोकळी जागा मिळेल, असं समजू नये. पूर्वेला सांबरा विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. ईशान्येला कणबर्गीत बुडाची योजना क्रमांक ६१ शेतकऱ्यांचा विरोध आणि कोर्टकचेऱ्यांमुळे वर्षानुवर्षे रखडली.

खरा ताण आहे दक्षिणेला. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे हे बासमती भाताचं शिवार. बळ्ळारी नाला इथूनच वाहतो आणि जोराचा पाऊस झाला की पिकात पाणी शिरतं. हलगा-मच्छे बायपासचा वाद याच सुपीक जमिनीवरून. २०२२ मध्ये रिंगरोडविरोधात तालुक्यातले शेतकरी मोर्चाने शहरात आले, तेव्हाही मुद्दा तोच होता: दोन-तीन एकरांवर जगणाऱ्याची जमीन गेली तर तो करणार काय? शिवाय रस्ता झाला की त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडतातच. भातशेतात भराव टाकून घर उभं राहतं, पण पावसाचं पाणी मग शेजारच्या शेतात किंवा गल्लीत जातं. ही जागा घरांसाठी "शिल्लक" धरणं आमच्या मते चूक आहे.

मंजूर लेआऊटमधला प्लॉट परवडत नाही, म्हणून नोकरदार-कामगार माणूस शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा बाँडवर घेतो. बाँड म्हणजे नोंदणीकृत खरेदीपत्र नव्हे. नाव उताऱ्यावर चढत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही आणि बँक कर्ज देताना हात आखडते. अशा वसाहतींत रस्ता, गटार यायला निम्मं आयुष्य जातं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक फरक महत्त्वाचा. तिकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, परवानगी लागते. कर्नाटकाने २०२० मध्ये ही अट काढली. त्यामुळे इथे शेतजमीन कुणीही घेऊ शकतो; पण घेतली म्हणून घर बांधता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा बिगरशेती आदेश, शहर परिसरात बुडाची लेआऊट मंजुरी आणि आराखड्यात ती जागा निवासी पट्ट्यात असणं, तिन्ही लागतं. सर्व्हे नंबरचा काही भागच घ्यायचा असेल तर ११ ई नकाशा मागावा. कागद कन्नडमध्ये असतात; सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या, दलालाकडून नको.

निपाणीचं गणित वेगळं. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेलं हे गाव, मधोमध वखारी आणि बाजूने पुणे-बेंगळूर महामार्ग. तालुक्याचा दर्जा मिळाल्यावर कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे भाडेकरू आले. कोगनोळी ओलांडली की कागल आणि तिथली पंचतारांकित औद्योगिक वसाहत. काम तिकडे आणि घर इकडे हा पर्याय अनेकांना सोयीचा. जमिनीचा तुटवडा इथे बेळगावइतका नाही. मात्र गावाला पाणी पुरवणारा जवाहर तलाव तेवढाच आहे. त्यामुळे निपाणीत प्लॉट बघायला जाल तेव्हा मालकाला उताऱ्याच्या जोडीने आणखी एक विचारा: नळ किती दिवसांनी येतो?