लाल मिरचीचे वाटण : एक घरगुती इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. नंदुरबारकरांना तर ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस आणि बालहुतात्मा शिरीषकुमार प्रथम आठवावेत, हे योग्यच आहे. त्या इतिहासावर लिहिणारी अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. मी मात्र पाट्यावरच्या लाल मिरचीच्या वाटणाविषयी लिहिणार आहे. त्यालाही इतिहास आहे, आणि तो बहुतांशी बायकांच्या हातून घडलेला आहे.

भगिनींनो, ज्या मिरचीवाचून आपल्या खानदेशात भाजीला चव नाही, ती मूळची आपली नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडात. मेक्सिकोकडे हजारो वर्षांपासून तिची लागवड होत आली, आणि तेथील स्त्रिया आपल्या पाट्यासारख्याच दगडावर ती वाटीत असत. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, आणि त्यानंतर दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून मिरचीचे बी जगभर गेले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आले. त्यांनी १५१० साली गोवा घेतले. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा यायचा तो मिरे, पिंपळी, आले आणि मोहरी यांनी. नव्या पाहुणीला नाव देताना लोकांनी जुन्या मिऱ्याचीच आठवण ठेवली. आपण तिला मिरची म्हणतो, गोव्याकडे मिरसांग म्हणतात.

गोव्यात या पाहुणीचे पहिले मोठे कौतुक झाले. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षाच्या मद्यात आणि लसणीत मुरवीत. गोव्यातील गृहिणींनी मद्याऐवजी माडाचे शिर्के घेतले, त्यात लाल मिरची, लसूण आणि मिरे वाटले, आणि वाटण तयार झाले. बांगड्याच्या पोटात भरतात तो रेशाद मसाला याच घराण्यातला. रेशाद या शब्दाचा मूळ पोर्तुगीज अर्थच मुळी ‘भरलेले’ असा आहे.

हीच मिरची पूर्वेकडेही गेली. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात ती जपानकडून आल्याची नोंद आहे. तेथील बायकांनी मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणांत, उन्हात ठेवून, महिनोन्‌महिने मुरवण्याची रीत बसविली. त्या वाटणाला गोचुजांग म्हणतात. १७६६ सालच्या एका कोरियन ग्रंथात त्याची कृती दिलेली आहे. २०२४ साली अशी आंबवणे करण्याच्या कोरियन परंपरेला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. रांजणाशी बसलेल्या बायकांच्या विद्येला जगाने वारसा म्हटले, हे वाचून मला फार समाधान वाटले. त्याबरोबर आपल्या बरण्यांकडेही पाहावेसे वाटले.

आपले नंदुरबार तर मिरचीचे गाव. तापीकाठची जमीन आणि हिवाळ्यातली कोरडी हवा यांमुळे येथे ओल्या लाल मिरचीचा मोठा बाजार भरतो. व्यापारी ती विकत घेऊन गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात. हंगामात दुरून पाहिले तर रानात लाल लुगडी पसरल्यासारखी दिसतात. त्या पथारींवर बसून देठ खुडणाऱ्या बहुतेक बायका असतात. मजुरी वजनावर, तोंडाला पदर बांधलेला, आणि रात्री हातांची आग. अवकाळी पाऊस आला तर मालाबरोबर त्यांचा रोजगारही भिजतो. व्यापाराच्या वहीत क्विंटल लिहिले जातात, हे हात लिहिले जात नाहीत.

घरातही तेच. आमच्या सासूबाई हंगामात ओल्या लाल मिरचीचे वाटण घालीत. प्रमाण विचारले की म्हणत, “हातले समजस.” हाताला समजत होते हे खरे, पण त्या गेल्या आणि ते प्रमाण त्यांच्याबरोबर गेले. पुढे मी आणि माझ्या जावांनी चव आठवून आठवून जे माप बसविले, ते येथे लिहून ठेवते.

एक किलो पिकलेल्या, घट्ट लाल मिरच्या देठासकट धुवाव्यात, म्हणजे आत पाणी जात नाही. पुसून सावलीत पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मग देठ काढावेत. तिखटपणा बियांत असतो असा आपला समज, पण तो खरा असतो आतल्या पांढऱ्या शिरांत. सौम्य हवे असेल तर त्या शिरा काढाव्यात. दोनशे ग्रॅम लसूण, शंभर ग्रॅम मीठ आणि दोन चमचे भाजलेली मेथी घालून पाट्यावर, नाहीतर मिक्सरमध्ये, पाणी न घालता वाटावे. दहा लिंबांचा रस मिसळून कोरड्या चिनी मातीच्या बरणीत भरावे. आठ दिवस रोज कोरड्या चमच्याने ढवळावे. मीठ आणि आंबटपणा यांमुळेच ते टिकते, म्हणून त्यांत काटकसर करू नये. हाताची आग पाण्याने जात नाही, कारण मिरचीचा दाह पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी तेल चोळावे, मग साबण लावावा.

हे वाटण घरात असले की अडत नाही. एक किलो कोंबडीला तीन मोठे चमचे वाटण, एक वाटी दही आणि थोडे तेल लावून चार तास मुरवावे. मासळीला नुसते वाटण लावून अर्धा तास पुरे, जास्त ठेवल्यास लिंबाने ती भुसभुशीत होते. शाकाहारी घरात पनीर, उकडलेले बटाटे, फुलकोबी किंवा वांग्याच्या फोडी याच वाटणात घोळवून तव्यावर भाजाव्यात. मुलांना आजकाल कोरियन चव आवडते. त्यांच्यासाठी चार चमचे वाटणात दोन चमचे गूळ, दोन चमचे तांदळाची घट्ट पेज आणि एक चमचा सोया सॉस घालावा. खरे गोचुजांग ते नव्हे, पण त्याची धाकटी बहीण शोभेल. गुळामुळे लवकर करपते, म्हणून आच मंद ठेवावी. वाटणात मीठ आहेच, वरून घालताना जपून घालावे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढील वर्षी आपण एक वही करावी. प्रत्येक घरातील वाटण, मसाला, पापड, सांडगे यांची मापे तिच्यात नोंदवावीत, आणि शेजारी ते शिकविणाऱ्या बाईचे नाव लिहावे. पथारीवर बसणाऱ्या भगिनींकडेही जावे. मिरचीची पारख त्यांच्याइतकी कोणाला असणार? त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आपल्या लेकीसुनांना मग हाताला कळण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.