सेझाँ : कापणीकऱ्यांच्या पेयाची कथा

मद्याचा इतिहास धर्मगुरूने सांगावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पवित्र शास्त्राच्या वाचकांना ते तितकेसे वाटू नये. नोहाची द्राक्षबाग आणि तिच्यामुळे त्याच्यावर ओढवलेली लज्जा, काना गावचे लग्न आणि पाण्याने भरलेले सहा दगडी रांजण, द्राक्षमळ्यातील मजूर आणि त्यांचे दिनार, आणि शेवटी अखेरच्या भोजनाचा प्याला, असा हा प्रवाह शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून शुभवर्तमानांपर्यंत वाहत आला आहे. मद्य ही देणगी आहे आणि तोच मोहही आहे, हे आपल्या धर्मपरंपरेने प्रारंभापासून जाणले आहे. म्हणूनच तिने मद्याविषयी बोलताना नेहमी एक शब्द जवळ बाळगला. तो शब्द म्हणजे माप. या लेखात आम्ही एका पेयाच्या निमित्ताने या मापाचाच इतिहास पाहणार आहोत.

त्या पेयाचे नाव सेझाँ. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ केवळ ‘हंगाम’ असा आहे. बेल्जियमच्या दक्षिणेस वालोनिया हा फ्रेंच भाषकांचा प्रदेश आहे आणि त्याच्या पश्चिम भागात, फ्रान्सच्या सीमेला लागून, एनो नावाचा सुपीक प्रांत आहे. तेथे द्राक्षवेल नीट धरत नाही. पिकतात ते गहू, सातू आणि बीट. त्यामुळे दक्षिण युरोपात जे स्थान द्राक्षरसाला, तेच येथे सातूच्या बिअरला मिळाले. मोठ्या शेतवाड्यांवर गोठा आणि कोठार यांच्या जोडीला बिअर गाळण्याची एक खोलीही असे. हिवाळ्यात, साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात, बिअर तयार करावयाची आणि उन्हाळ्यात कापणीच्या वेळी ती शेतमजुरांना पाजावयाची, असा क्रम परंपरेने सांगितला जातो.

हिवाळाच का, याची कारणे अगदी व्यवहाराची होती. बर्फाची यंत्रे नव्हती; उन्हाळ्यात केलेले पेय हवेतील जंतूंमुळे लवकर बिघडे. थंडीत शेतावरचे काम मंदावत असल्याने माणसे मोकळी असत आणि सातू उकळून उरलेला चोथा, हिरवा चारा नसलेल्या त्या दिवसांत, गुरांच्या मुखी पडे. काहीच वाया जात नव्हते. पेय महिनोन्‌महिने टिकावे म्हणून त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालीत. या फुलांचा टिकविण्याचा गुण बाराव्या शतकात जर्मनीतील बेनेडिक्टाईन मठाधीशा संत हिल्डेगार्ड यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नमूद केला आहे. परमगुरू बेनेडिक्ट सोळावे यांनी 2012 साली त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले.

मठांचा आणि बिअरचा संबंध इतका जुना आहे. सुमारे 820 साली आखलेल्या संत गालच्या मठाच्या प्रसिद्ध आराखड्यात बिअर गाळण्याच्या तीन जागा दाखविल्या आहेत. फ्लँडर्समध्ये जन्मलेले आणि पुढे स्वासाँचे महागुरू झालेले संत अर्नोल्ड यांना बेल्जियमचे बिअर गाळणारे आपले आश्रयदाते मानतात. रोगाच्या साथीत त्यांनी लोकांना पाण्याऐवजी बिअर पिण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. 1087 साली औदेनबर्ग येथे, स्वतः स्थापिलेल्या मठात, त्यांनी देह ठेवला. जुन्या रोमन विधिग्रंथात तर बिअरला आशीर्वाद देण्याची एक स्वतंत्र प्रार्थनाही आहे.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा चाळिसावा अध्याय. सहाव्या शतकातील या अध्यायात प्रत्येक मठवासीयाला दिवसाकाठी एक हेमिना, म्हणजे पाव ते अर्धा लिटर, द्राक्षरस पुरेसा मानला आहे. दुसऱ्याचे माप ठरविताना संत बेनेडिक्ट यांना संकोच वाटतो, हे त्यांच्या शब्दांतून जाणवते. पुढे ते अशी मुभा देतात, की स्थळाची गरज, कामाचा ताण किंवा उन्हाळ्याचा ताप असेल तर मठाधीशाने माप वाढवावे. मात्र तृप्तीपलीकडे जाऊ देऊ नये. ज्या ठिकाणी द्राक्षरस मिळतच नाही, तेथील बंधूंनी कुरकुर न करता देवाचे आभार मानावेत, असेही ते सांगतात. काम, उन्हाळा आणि माप या तीन शब्दांत एनोच्या शेतातील सेझाँचे सारे तत्त्व आले आहे. शेतमालकांनी ही नियमावली वाचली होती असे आम्हांला म्हणावयाचे नाही. परंतु मठांच्या सावलीत शतकानुशतके नांदलेल्या त्या भूमीत कष्टकऱ्याला पेय द्यावे, पण ते हलके आणि मोजून द्यावे, ही रीत परकी नव्हती.

ते पेय खरोखरच हलके होते. जुन्या सेझाँमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण तीन-साडेतीन टक्के असे. ते पिऊन तहान भागे, थोडे बळ येई आणि विळा हातातून निसटत नसे. सर्वत्र पाणी विषारी होते म्हणून लोक बिअर पीत, ही समजूत आता इतिहासकार तशीच्या तशी मानीत नाहीत. विहिरीचे गोड पाणी लोक पीतच होते. बिअर हा शेतमजुराच्या आहाराचा, आणि त्याहीपेक्षा त्याच्या मोबदल्याचा, एक भाग होता.

येथेच कथेला दुसरी बाजू आहे. हंगामी मजूर हा त्या काळातील दुर्बल माणूस होता. फ्लँडर्समधील कितीतरी गरीब कुटुंबांतील पुरुष बिटाच्या आणि धान्याच्या कामासाठी दरवर्षी उत्तर फ्रान्सपर्यंत पायपीट करीत. मालकाने दिलेला पेला हा स्नेहाचा की मजुरीत कापलेल्या पैशाचा, हे नेहमीच स्पष्ट नसे. कारखान्यांत तर हा प्रश्न अधिक उग्र होता. 1886 साली लिएज आणि शार्लरुआ या वालून औद्योगिक पट्ट्यांत कामगारांचा उद्रेक झाला आणि सैन्याच्या गोळ्यांनी माणसे मेली. त्यानंतर 1887 साली बेल्जियमने कायदा केला, की कामगाराची मजुरी चलनात द्यावी आणि ती गुत्त्यात वाटू नये. गुत्त्यात मजुरी वाटणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मजुरी हाती पडे आणि तेथेच ती संपे.

चार वर्षांनी, 1891 साली, परमगुरू लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. हेच परमगुरू तरुणपणी, 1843 ते 1846 या काळात, बेल्जियममध्ये पोपचे राजदूत होते. नव्या कारखान्यांचा तो देश त्यांनी जवळून पाहिला होता. मजुराने नाइलाजाने मान्य केली म्हणून कोणतीही मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे, ही त्या परिपत्रकाची शिकवण आहे. संत याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. तेव्हा पेला द्यावा की न द्यावा, हा प्रश्न नंतरचा. आधी मजुरी, मग आतिथ्य. हा क्रम उलटला की आतिथ्य हीच फसवणूक होते.

विसाव्या शतकाने सेझाँचे रूप पालटले. शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक बिअर गाळणारे होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांची तांब्याची भांडी काढून नेली आणि अनेक लहान शेतवाड्यांवरील भट्ट्या पुन्हा पेटल्याच नाहीत. 1919 साली सार्वजनिक पानगृहांत कडक दारू विकण्यास कायद्याने बंदी आली. तेव्हा ग्राहकांना थोडी तीव्र बिअर हवीशी वाटू लागली. शेतीत यंत्रे आली, कापणीकऱ्यांचे तांडे ओसरले, आणि हलक्या हंगामी पेयाचा मूळ ग्राहकच नाहीसा झाला. शतकाच्या अखेरीस त्या हजारोंतील शे-सव्वाशेच उरले.

जी घरे टिकली, त्यांत तूर्प गावचे द्युपाँ हे नाव अग्रभागी आहे. तेथील शेतवाडीवर 1844 पासून बिअर होत असे. 1920 साली आल्फ्रेड द्युपाँ यांनी ती विकत घेतली, आणि कारण मोठे मानवी होते. त्यांचा मुलगा लुई शेती करण्यासाठी कॅनडाला जाण्याच्या विचारात होता. त्याने घर सोडू नये म्हणून पित्याने हा खटाटोप केला. मुलगा परदेशी जाऊ नये म्हणून धडपडणारे आईबाप आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत! या घराची सेझाँ साडेसहा टक्क्यांची, म्हणजे जुन्या पेयाच्या दुप्पट तीव्र. एके काळी तिला फारशी मागणी नव्हती. पुढे अमेरिकेत तिची कीर्ती पसरली आणि तेथील तरुण कारागीर तिचे अनुकरण करू लागले. 2016 साली युनेस्कोने बेल्जियमची बिअर-संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली.

अमेरिकन कारागिरांनी सेझाँला आणखी दोन गोष्टींची जोड दिली : द्राक्षरसाची जुनी पिंपे आणि फळे. दोन्हींची मुळे तशी बेल्जियममध्येच आहेत. तेथे जुनी बिअर लाकडातच मुरत असे, आणि ब्रसेल्स परिसरात आंबट चेरी घालून मुरवलेली क्रीक नावाची बिअर फार पूर्वीपासून होते. टेक्सासमधील ऑस्टिन शहराजवळ 2010 साली सुरू झालेल्या जेस्टर किंग या संस्थेने ओकच्या पिंपांत मुरलेल्या बिअरमध्ये रासबेरी घालून केलेले पेय नावाजले गेले. फ्रान्समधील बोर्दो पद्धतीच्या पिंपात 225 लिटर द्राक्षरस मावतो. तो काढून घेतला तरी लाकडाच्या काही मिलिमीटर जाडीत मुरलेला असतोच. शिवाय लाकडाच्या छिद्रांत सूक्ष्म जीव वस्ती करून राहतात. त्यांतील एक रानटी किण्व कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी 1904 साली ओळखून त्याला ब्रेटानोमायसेस असे नाव दिले. ऑर्वालच्या ट्रॅपिस्ट मठातील बिअरला बाटलीत जो वेगळा गंध येतो, तो याच जातीच्या किण्वाचा. पिंपात फळे घातली, की त्यांतील साखर हे किण्व पुन्हा आंबवते. गोडवा जातो आणि फळाचा रंग, गंध व आंबटपणा मागे राहतो.

बेल्जियममध्ये एका धर्मगुरू मित्राकडे भोजनप्रसंगी असा एक प्याला आमच्यासमोर आला होता. त्याचा रंग पिकलेल्या करवंदासारखा, फेस गुलाबी आणि क्षणात विरणारा. प्रथम चेरीचा वास आला. पाठोपाठ ओल्या लाकडाचा आणि जुन्या कोठाराचा. जिभेवर आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी इतके कोरडे, की फळातील साखर गेली कोठे असा प्रश्न पडावा. मद्यार्क आठ टक्के असूनही तो चवीत जाणवत नव्हता, आणि धोका नेमका तेथेच होता. मित्राने तीनपाव लिटरची ती एक बाटली सहा जणांत वाटली. ते माप आम्हांला आवडले.

थोडा हिशेब मांडून पाहावा. आठ टक्क्यांच्या तीनपाव लिटर बिअरमध्ये साठ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तितकाच मद्यार्क कापणीकऱ्याच्या तीन टक्क्यांच्या बिअरमधून मिळवावयाचा तर दोन लिटर प्यावे लागे, आणि तेही दिवसभर उन्हात घाम गाळीत. नाव तेच राहिले, पण वस्तू पालटली. तहान भागविणारे पेय चाखण्याचे पेय झाले, मजुराचे पेय सधनांचे झाले. यात आम्ही दोष पाहत नाही; कारागिरी ही देवाच्या निर्मितीत माणसाने केलेली सेवाच आहे. नव्या द्राक्षरसासाठी नवे बुधले हवेत, असे प्रभू येशूने सांगितले. येथे जुन्या पिंपाने नव्या पेयाला गुण दिला, हेही एक कौतुकच. मात्र कॅलिफोर्नियातील एका प्रसिद्ध कारखान्याने फळे घालून द्राक्षरसाच्या पिंपांत मुरवलेल्या आपल्या बिअरना ‘सप्लिकेशन’ आणि ‘कॉन्सेक्रेशन’ अशी नावे दिली, तेव्हा आम्ही थबकलो. पहिल्याचा अर्थ विनवणी. दुसरा तर मिस्सामध्ये भाकर व द्राक्षरस प्रभूचे शरीर व रक्त होतात त्या क्षणाचा शब्द. ख्रिस्तसभेचा कायदा वेदीवर केवळ द्राक्षांचा शुद्ध, न बिघडलेला रसच मान्य करतो. ते शब्द वेदीपाशीच शोभतात. बाटलीवर ते पोरके वाटतात.

आमच्या धर्मग्रामांतील माताभगिनींना हा सारा इतिहास दूरचा वाटू शकेल. ज्या घरात आठवड्याची मजुरी गुत्त्यावर संपते, तेथे बिअरच्या चवीची चर्चा करणे हे निष्ठुरपणाचे होईल, याची आम्हांला जाणीव आहे. ज्याला मद्याचे व्यसन जडले आहे, त्याला माप सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी पूर्ण वर्ज्य हेच माप. संत बेनेडिक्ट यांनीही, ज्यांना देव संयमाचे बळ देतो त्यांना त्याचे वेगळे फळ मिळेल, असे त्याच अध्यायात लिहून ठेवले आहे. परंतु ज्या घरांत लग्नकार्याला पेला भरला जातो, तेथे यजमानाने दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मांडव घालणाऱ्याची, आचाऱ्याची आणि भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी चुकती झाली का? आणि पाहुण्यांपुढे येणाऱ्या प्याल्याला माप आहे का?

एनोच्या शेतातील कापणीकरी आता नाहीत. त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर छापलेली नाहीत. त्यांच्या पेयाला मात्र जगभर मान मिळाला. जेथे जेथे तो प्याला उचलला जाईल, तेथे हातात विळा धरून बांधावर क्षणभर बसलेल्या त्या तहानलेल्या माणसाचे स्मरण व्हावे आणि आज जो आपल्यासाठी राबतो त्याचे देणे आजच दिले जावे, इतकीच प्रभुचरणी प्रार्थना.