गळ्यातला पंचा आणि १८८४ साल

पावसाळा तोंडावर आला की रस्त्याकडेच्या फांद्या उतरवायची कामं निघतात. पूर्वी कोयता-कुऱ्हाड असायची आणि पडलेल्या फांद्या बायका जळणाला न्यायच्या. आता ट्रॅक्टरमागे चिपर येतो. फांदी आत, झिलप्या बाहेर. परवा धरमतर पुलाच्या अलीकडे अशाच एका मशीनवर फांद्या घालणारा पोरगा बघितला. पायात स्लीपर, गळ्यात पंचा, हातात कोपरापर्यंत ढगळ मोजे. मोजे बघून बरं वाटेल, पण खरी भीती त्या मोज्यांचीच.

असं बघा, कुऱ्हाडीचा वेग माणसाचा. हात थांबला की ती थांबते. चिपरचे रूळ फांदी स्वतः ओढतात. एखादी डहाळी मोज्याच्या तोंडात किंवा पंच्यात अडकली, तर सोडवायला वेळच मिळत नाही.

या यंत्राच्या शोधाचं श्रेय जर्मनीतल्या पीटर येन्सन यांना देतात, साल १८८४. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, कोकणातली, घाटावरची माणसं त्या गिरण्यांत राबत होती. सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन निघालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या मागणीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा, अशी ती होती.

रविवार १८९० मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं आणि तो लागू झाला १ जुलै १९२४ ला. म्हणजे चाळीस वर्षांनी! लोखंडे १८९७ मध्येच गेले होते.

फिरत्या यंत्राला कुंपण घाला, हे १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातच होतं. पण तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळच्या तपासणी-तेलपाण्याच्या कामाबद्दल एक बारीक गोष्ट होती: माणूस शिकवलेला हवा, अंगात घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. गिरणीतल्या पट्ट्यांनी धोतराचे सोगे किती ओढले असतील, तेव्हा हे लिहावं लागलं!

हे सगळं कारखान्याच्या फाटकाच्या आत. यंत्र शेतात आलं तेव्हा कायदा मागेच राहिला. पंजाब-हरियाणात मळणी यंत्रांनी शेतमजुरांचे हात जायला लागले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला. त्यात मळणी यंत्राचं नाव होतं. दुसरं कुठलं यंत्र घालायचं तर केंद्राने तसं जाहीर करायचं. इकडे महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखान्याची व्याख्याच बदलली. विजेवर चालणाऱ्या जागी दहाऐवजी वीस कामगार. चिपरवर असतात तिघे-चौघे, तेही रस्त्यावर. मग कलम २२ त्या पोरापर्यंत पोचणार कसं होतं?

त्याला खरं तर लागतं काय? हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी किंवा चष्मा, कारण झिलपी गोळीसारखी उडते. कानावर मफ, कारण तो आवाज रोज ऐकून कान जातात. बूट. मनगटाला घट्ट बसणारे मोजे. अंगावर लोंबणारं काही नको: पंचा नको, कडं नको, मनगटातला दोराही नको. फांदी बुंध्याकडून घालायची, तोंडासमोर नाही तर बाजूला उभं राहायचं, आणि शेवटचा तुकडा हाताने नाही, लांब काठीने ढकलायचा. मशीन थांबवायचा दांडा कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दाखवायचं.

मंडळी, आणि हो, "त्यांना दिलं तरी ते घालत नाहीत" हे मीही ऐकलंय. मे महिन्यात उन्हात ते डोकं किती तापतं, हे हेल्मेट घालून बघा म्हणजे कळेल. पाणी, सावली आणि आळीपाळीने काम दिलं तर घालतात. रोजंदारीच्या माणसाला कामाच्या उरकावर पैसे देऊन वर त्यालाच बेफिकीर म्हणायचं, हे बरोबर नाही.

छाटणीचं काम देताना करारात या सामानाची आणि विम्याची ओळ आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं. पुढच्या सभेला मी विचारणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कळवा.